कमलाक्षी अत्याचे एक्क्याण्णव गुण

“अक्का, उद्या रविवारी येऊ नको म्हणून सांगितलंय मला,” अंबा म्हणाली होती. “तीन वर्षं झाली समोर कमलाक्षी पेरियम्माकडे स्वयंपाकाला, रविवारची सुट्टी कधी मिळाली नाही. चंद्रमती अम्माही दुपारीच पापनाशमला गेल्यात. मला काही बरं वाटत नाही. तुम्ही जरा बघत राहा.”

शनिवार. संध्याकाळचे सहा. नंदिताच्या खांद्यावर साईप्रिया तापानं फणफणलेली, गॅसवर रसम उतू चाललेलं.

“सुट्टी मिळाली तर घे की गे ती,” नंदिता म्हणाली. “गणेशअण्णा आहेत ना घरात.”

आणि तिनं दार लावून घेतलं.

रविवारी संध्याकाळी पावणेपाचला समोरच्या घरातून चंद्रमतीची किंकाळी आली.

नंदिता अनवाणी धावली. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या बोळात मराठी बोलणारी पाच घरं उरली होती, त्यातलं हे समोरचं कमलाक्षी अत्याचं. वय चौऱ्याहत्तर. मुलींच्या शाळेत तीस वर्षं गाणं शिकवून निवृत्त झालेली. मुलगा रघुराम सिंगापूरला. भाचा गणेशकुमार आणि त्याची बायको चंद्रमती गेली सहा वर्षं तिच्याजवळ राहत होते, ‘अत्याला सांभाळायला’ म्हणून.

चंद्रमतीची प्रवासाची पिशवी उंबऱ्यातच पडली होती. न्हाणीघराच्या दाराशी अत्या उजव्या कुशीवर पडलेली. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे अर्धे उघडे. श्वास चालू.

“आत्ताच बसमधून उतरून येतेय मी,” चंद्रमती म्हणाली. “दाराला बाहेरून नुसती कडी होती. ह्यांचा फोन लागत नाही.”

नंदितानं अत्याचं डोकं मांडीवर घेतलं. ओठांवर साल आली होती, भेगा पडल्या होत्या. पडल्या जागी लुगड्यातच लघवी झालेली. नंदितानं लुगड्याचा काठ सारखा केला, तर तो बोटांना कडक लागला. वाळून, खळ घातल्यासारखा.

त्या क्षणी तिनं त्याचा विचार केला नाही. तिनं नवऱ्याला, शेषगिरीला, हाक मारून साईप्रियाजवळ बसायला सांगितलं आणि रिक्षा बोलावली.

हॉस्पिटलात डॉक्टर सरोजा होत्या. बारीक अंगाच्या, तुटक बोलणाऱ्या. स्कॅन झाला आणि पावणेसहाला त्या बाहेर आल्या.

“मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आहे. रक्तस्राव नाही. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडे. पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यानंतर दिलं, तर मेंदूत रक्त फुटून बाई हातची जाऊ शकते. म्हणून एकच प्रश्न. त्यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? कधी?”

तेवढ्यात जिन्यावरून गणेशकुमार धापा टाकत आला. शर्ट घामानं भिजलेला, कपाळावर विभूती जशीच्या तशी.

“मी पाहिलं,” तो म्हणाला. “दुपारी दोनला. जेवण वाढून, तिला सांगून मी ओरत्तनाडूला गेलो. ऑफिसातल्या एका माणसाकडे काम होतं. झोपते म्हणाली, म्हणून बाहेरून कडी घातली. दोन तासांचा तर प्रश्न होता, डॉक्टर! आणि दोनचं तरी काय, चार वाजून बारा मिनिटांनी ती चांगली गात होती. रघुरामच्या फोनवर आलंय ते.”

“गात होती?” डॉक्टरांनी विचारलं.

“टीव्हीवरचा तो गाण्याचा खेळ. रोज खेळते. गुण पडले की वेळेसकट सिंगापूरला दिसतात. आणि ही नंदिता, समोरच राहते. हिनंही ऐकलं असेल. काय नंदिता? ऐकलंस की नाही?”

सगळ्यांनी नंदिताकडे पाहिलं.

तिनं ऐकलं होतं. साईप्रियाला औषधाचा चमचा भरवत असताना समोरून ढोलाचा तो ठेका आला होता. जहाजाचं गाणं. ‘अत्या गायला बसली,’ असं मनात म्हणून ती निश्चिंत झाली होती. उठून खिडकीशीही गेली नव्हती.

“हो,” ती म्हणाली. “ऐकलं.”

“म्हणजे चार-बारा,” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. “वेळ आहे अजून. इंजेक्शनची तयारी करते. सही कोण करणार?”

“मी,” गणेशकुमार म्हणाला. “लगेच द्या. ती माझ्या आईसारखी आहे.”

डॉक्टर आत वळल्या. कागद यायला पाच मिनिटं लागणार होती.

नंदिता भिंतीला टेकली. आपण ‘हो’ म्हणालो खरं, पण काय ऐकलं आपण? ठेका ऐकला. वाद्यं ऐकली. अत्या?

हाताच्या बोटांना अजून तो कडक काठ जाणवत होता. लेकरू वाढवलेल्या बाईला हे शिकवावं लागत नाही. पंख्याखाली जाड सुती कपड्यातली शू सुकायला किती वेळ लागतो, सुकून कडक व्हायला किती लागतो, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. अर्ध्या तासात नाही. तासातही नाही. आणि अत्याच्या नऊवारी लुगड्याचे तर पदरावर पदर होते.

तिनं रघुरामला व्हिडिओ कॉल लावला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

“नंदिता, आई कशी आहे? विमानाचं तिकीट बघतोय मी.”

“रघुअण्णा, आधी मला आजचे गुण दाखवा. तो फलक जसाच्या तसा पाठवा.”

“गुण? आत्ता?”

“आत्ता!”

तो खेळ रघुरामनंच दोन वर्षांपूर्वी पाठवला होता. टीव्हीला जोडायचा डबा आणि दोन माइक, एक लाल, एक निळा. गाणी सगळी इंग्रजी. पडद्यावर खाली शब्द धावायचे आणि वर आडव्या पट्ट्या, एका सुराला एक. आपला आवाज त्या पट्ट्यांवर रेघ होऊन उमटायचा. रेघ पट्टीवर नीट बसली तर गुण, हलली तर नाही. अगदीच हलली, किंवा कुणी गप्प बसलं, तर यंत्र गाणं मध्येच बंद करायचं. पुरुषानं खालच्या आवाजात गायलं काय, पोरीनं वरच्या आवाजात गायलं काय, यंत्राला सारखंच. गुणांसोबत ती रेघही साठून राहायची, आवाज मात्र नाही.

मायलेकांचा ठराव होता. अत्यानं रोज दुपारी चारनंतर गायचं. सिंगापूरला गुण दिसले की लेक निर्धास्त. पाचपर्यंत दिसले नाहीत, तर तो फोन करायचा.

फोन वाजला. चित्र आलं.

आजची तारीख. वेळ चार वाजून बारा. नाव: अम्मा. गाणं: तेच, जहाजाचं.

गुण: एक्क्याण्णव.

नंदितानं ते दोनदा वाचलं. मग रघुरामला विचारलं, “हे बघून तुम्हाला काही वाटलं नाही?”

“वाटलं ना. आनंद झाला. अखेर जमलं अम्माला, म्हटलं. टाळ्यांचं चित्रही पाठवलं मी...” बोलता बोलता त्याचा आवाज बारीक झाला. “का गे?”

“तिला आजवर सगळ्यांत जास्त किती पडले होते?”

“सत्तेचाळीस.”

“आणि काल, शनिवारी?”

“त्रेचाळीस.”

“मग एका दिवसात एक्क्याण्णव कसे झाले, रघुअण्णा?”

नंदितानं रेघेचं चित्र मोठं केलं. कालची रेघ म्हणजे जिलबीचं वेटोळं. प्रत्येक सुराभोवती घिरट्या, चढउतार, हेलकावे. आजची रेघ घराच्या पायऱ्यांसारखी. सरळ. सपाट. एक पायरी, दुसरी पायरी.

रघुरामचा फोन चालू ठेवून तिनं शेषगिरीलाही त्यात जोडून घेतलं. “समोर जा. निघताना कुलूप लावून चंद्रमतीवहिनीची किल्ली मी आपल्या चपलांच्या कपाटावर ठेवलीय. साईप्रियाला घेऊनच जा, आणि फोन बंद करू नका. आत काही उचलू नका. मी विचारेन ते सांगा.”

“काय बघायचंय?”

“दिवाणखान्यात माइक कुठे आहेत?”

पावलांचा आवाज. साईप्रियाची कुरकुर. मग शेषगिरी म्हणाला, “निळा खोक्यात आहे. लाल सोफ्यावर.”

“लालवर रुमाल आहे?”

“नाही. नुसताच आहे.”

“नीट बघा. पांढरा रुमाल, रबर लावून बांधलेला.”

“रुमाल इथे टीव्हीखालच्या ताटलीत आहे. धुऊन, घडी करून ठेवलेला. घडी मोडलेली नाही.”

नंदितानं डोळे मिटले. माइक तोंडाशी जातो, म्हणजे तो एच्चल, उष्टा. अत्याचं सोवळं आता फारसं कशात उरलं नव्हतं, पण ह्यात होतं. रोज धुतलेला रुमाल माइकला बांधल्याशिवाय ती त्याला हात लावत नसे. गाणं झालं की रुमाल सोडून धुवायची. नवरात्रात बोम्मई कोलूला, बाहुल्यांची आरास बघायला, बायका जमल्या, तेव्हा सगळ्यांनी ह्यावरून तिची किती चेष्टा केली होती!

“आता स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर. रोजचं पान फाडायचं ते. कुठलं पान आहे?”

“थांब...” शेषगिरी वाचत होता. मग त्याचा सूर बदलला. “नंदिता, शनिवारचं आहे.”

“नक्की?”

“शनिवारचं. कालचं. ती तर पहाटे आंघोळ झाली की आधी पान फाडते ना?”

“फोन चालू ठेवा,” नंदिता म्हणाली.

परिचारिका कागद घेऊन आली होती. गणेशकुमार पेनाचं टोपण काढत होता. नंदिता पुढे झाली आणि तिनं तो कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

“सही करायची नाही.”

“काय?” गणेशकुमार ओरडला. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? एकेक मिनिट मोलाचं आहे!”

“तेच तर म्हणते. डॉक्टरना बोलवा.”

डॉक्टर सरोजा बाहेर आल्या. कपाळाला आठी. “मॅडम, माझ्याकडे भांडणाला वेळ नाही.”

“दोन मिनिटं द्या. चारला गाणारी बाई कमलाक्षी अत्या नव्हती. मी गाणं ऐकलं म्हणाले, ते चुकलं माझं. मी वाद्यं ऐकली. तिचा आवाज ऐकला नाही.”

“खोटं बोलतेय!” गणेशकुमार म्हणाला. “गुण आलेत ना तिच्या नावावर? एक्क्याण्णव! ती संगीताची टीचर होती. तिला नाही पडणार एक्क्याण्णव, तर काय तुला पडणार?”

नंदिता त्याच्याकडे वळली. आवाज तिनं खालीच ठेवला.

“गणेशअण्णा, अत्याला रोज किती गुण पडतात?”

“पडत असतील नव्वद-पंचाण्णव. मी काय रोज मोजायला बसतो? चारला मी ऑफिसात असतो.”

“आणि रविवारी?”

“रविवारी माझी कामं असतात.”

“सहा वर्षं एका छपराखाली राहता. खेळ येऊन दोन वर्षं झाली. एकदाही तिच्या शेजारी बसून ऐकलं नाही?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“संबंध आहे,” हे चंद्रमती म्हणाली. इतका वेळ ती बाकावर तोंड झाकून बसली होती. आता तिनं मान वर केली होती. “अत्याला कधी पन्नासही पडले नाहीत हो.”

“अगं, गप—”

“मलाही बावन्नच्या वर नाही पडले,” चंद्रमती बोलतच राहिली. “अकरा वर्षं शिकले मी तिच्याजवळ. गळ्यात गमक, सूर झुलवणं, बसलंय, ते काढून ठेवता येत नाही. सूर हलला की ते यंत्र गुण कापतं. अत्या चिडून म्हणायची, यंत्र बहिरं आहे गे, सूर म्हणजे काय भिंतीतला खिळा आहे, एका जागी ठोकून ठेवायला? सगळ्या बोळाला ठाऊक आहे हे.” ती नवऱ्याकडे वळली. “तुम्हालाच ठाऊक नाही.”

गणेशकुमारच्या हातातलं टोपण खाली पडलं. त्यानं ते उचललं नाही.

“डॉक्टर,” नंदिता म्हणाली, “मी सांगते तसं जुळवून बघा. लुगडं कडक वाळलेलं आहे. अर्ध्या तासात तसं वाळत नाही. ओठांना भेगा पडल्यात. लाल माइकला रुमाल नाही, आणि रुमालाशिवाय ती माइकला शिवत नाही. कॅलेंडरवर शनिवार आहे. रोज पहाटे पाचला आंघोळ करून पान फाडते ती. आज फाडलं नाही. म्हणजे आज पहाटेच्या आधीच ती पडली. चारला कुणीतरी दुसरंच तिच्या नावावर गायलं. ती पाच पावलांवर जमिनीवर पडलेली असताना.”

डॉक्टर सरोजांचा चेहरा कठीण झाला. “कोण?”

“त्या फलकावर चारच नावं आहेत. एक अत्या. दुसऱ्या चंद्रमतीवहिनी, त्यांना बावन्नच्या वर पडत नाहीत, आणि चारला त्या बसमध्ये होत्या. तिकीट आहे ना, वहिनी?”

चंद्रमतीनं कमरेच्या बटव्यातून चुरगळलेलं तिकीट काढलं. पापनाशम ते तंजावूर. वेळ तीन पंचावन्न.

“तिसरी माझी साईप्रिया. सहा वर्षांची. तिला साठ पडतात, आणि आज दिवसभर ती तापात माझ्या मांडीवर होती. राहिलं चौथं नाव. ह्या चौथ्या माणसाला सूर कशाशी खातात हे ठाऊक नाही. पण आवाज कसा, पाटावर पाट ठेवल्यासारखा सरळ. यंत्राला तो फार आवडतो. नवरात्रात बायकांच्या आधी त्यानं एक गाणं गायलं, त्र्याण्णव मिळवले आणि प्रसादाचं सुंडल खाऊन बाहेर निघून गेला. अत्याचं गाणं ऐकायलाही थांबला नाही. त्याला एकच गाणं येतं.” तिनं फोन त्याच्या डोळ्यांसमोर धरला. “जहाजाचं.”

फोनमधून रघुराम ओरडला, “गणेश!”

“मी ओरत्तनाडूला होतो,” गणेशकुमार पुटपुटला. “बसनं आलो आत्ता.”

“कुठल्या बसनं? तुमच्या वरच्या खिशातून बाइकची किल्ली डोकावतेय. बाइकवरून आलात तुम्ही.”

त्यानं खिशावर हात ठेवला. मग तो खाली बसला, तिथेच, फरशीवर.

“कधी गेलात घरातून?” नंदितानं विचारलं.

त्यानं तोंड फिरवलं.

“गणेशअण्णा, आत ती मरायला टेकलीय. डॉक्टरना वेळ हवीय. कधी?”

“काल. साडेसहाला.”

“शनिवारी संध्याकाळी?”

“जुन्या दोस्तांचं ठरलं होतं. ओरत्तनाडूला एकाच्या शेतावर. एक रात्र. माणसाला एक रात्र मोकळी नको? रघुरामला कबूल केलं होतं ना, अत्याला एकटी सोडणार नाही म्हणून. अंबा असती तर तिनं चंद्राला सांगितलं असतं. म्हणून तिला येऊ नको म्हटलं. अत्याला सांगितलं, कुलूप लावून जातो, सकाळी येतो.”

“आलात किती वाजता?”

“पावणेचारला.”

“आणि ती पडलेली होती.”

“मला वाटलं, ती गेलीच. शप्पथ. गार लागली.”

“नाकाशी बोट धरलंत?”

त्यानं मान हलवली. नाही.

“गेली असं वाटलं, तर हाक का नाही मारलीत? मी समोर होते. दहा पावलांवर!”

“सगळे म्हणाले असते, रात्रभर एकटी टाकून गेला. रघुराम आम्हाला घरात ठेवणार नव्हता. पाच वाजायच्या आत गुण गेले नसते, तर त्याचा फोन आला असता. मला वाटलं, एक गाणं होऊ दे, मग दुपारपर्यंत चांगली होती असं दिसेल. मग कुलूप काढून कडी घातली. मागच्या बोळात बाइक होती...”

“म्हणजे ती तिथे श्वास घेत पडलेली,” नंदिता म्हणाली, आणि आता तिचा आवाज तिच्या ताब्यात राहिला नाही, “आणि तुम्ही सोफ्यावर बसून एक्क्याण्णव मिळवलेत! निदान वाईट तरी गायचं होतं! इतकं मन लावून गायलात? एकही पट्टी चुकली नाही? आणि इथे येऊन इंजेक्शन द्या म्हणून सही करत होतात! त्यानं ती मेली असती, ठाऊक होतं तुम्हाला. डॉक्टरनी तुमच्या तोंडावर सांगितलं होतं!”

“मी... मला वाटलं, काही होणार नाही.”

चंद्रमती उठली. तिनं त्याला मारलं नाही की शिवी दिली नाही. त्याच्या शेजारून ती सरळ डॉक्टरांपुढे जाऊन उभी राहिली. “इंजेक्शन नको. दुसरं काय करता येतं, सांगा.”

“त्रिचीला मोठ्या हॉस्पिटलात,” डॉक्टर सरोजा झपाझपा बोलू लागल्या. “मांडीतून तार घालून गुठळी बाहेर काढतात. काही रुग्णांत चोवीस तासांपर्यंत करता येतं. पण कुठून मोजायचे चोवीस? साडेसहाला हे घरातून गेले म्हणता. आता सहा वाजून दहा झालेत. त्रिचीला पोचेपर्यंत सव्वासात. तिथले घेणार नाहीत कदाचित. साडेसहानंतर कुणाशी बोलल्या त्या?”

नंदितानं अंबाला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचा नंबर लागला.

“अंबा, काल रात्री अत्या तुझ्याशी बोलली?”

“हो अक्का. साडेआठला फोन केला होता त्यांनी. कॉफीची पूड कुठे ठेवलीस, विचारत होत्या. पहाटे लागेल म्हणाल्या. मी म्हटलं, पेरियम्मा, गणेश सर घरात नाहीत का? तर हसल्या. आज मीच राणी आहे म्हणाल्या.”

“बोलणं स्पष्ट होतं? जीभ जड नव्हती?”

“चांगल्या बोलत होत्या. मला रागावल्याही, डब्याचं झाकण नीट लावत नाहीस म्हणून. काय झालं अक्का?” मग अंबाला उत्तराची गरज राहिली नाही. “मी सांगितलं होतं तुम्हाला. दारात उभी राहून सांगितलं होतं.”

“हो,” नंदिता म्हणाली. “सांगितलं होतंस.”

“साडेआठ,” डॉक्टर म्हणाल्या. “म्हणजे हातात दोन तास वीस मिनिटं. ॲम्ब्युलन्स!”

साडेसातला अत्या त्रिचीच्या टेबलावर होती. आठ वाजून पाच मिनिटांनी गुठळी निघाली. तिथल्या डॉक्टरांनी चंद्रमतीला एवढंच सांगितलं, की तंजावूरला ते इंजेक्शन दिलं असतं, तर आज इथे आणण्याजोगं काही उरलं नसतं.

कमलाक्षी अत्या वाचली. वाचली म्हणजे काय, तेही सांगायला हवं. उजवा हात उचलत नाही. शब्द जोडून बोलायला वेळ लागतो. रघुराम तिसऱ्या दिवशी आला आणि आईच्या पायाशी बसून राहिला. “रोज आकडा बघत होतो मी,” एवढंच म्हणायचा. गणेशकुमारनं पोलिसांपुढे आधी नंदितावर, मग अंबावर, मग बायकोवर ढकलून पाहिलं. चंद्रमतीनं ठाण्यात जाऊन स्वतः जबाब दिला. पाच पानांचा. प्रत्येक पानावर सही केली आणि माहेरी न जाता अत्याच्या उशाशी येऊन बसली.

नातलगांनी नंदिताला निरोप पाठवले. घरातलं घरात मिटलं असतं, पोलिसात कशाला, त्याचं एक चुकलं, पोरकट माणूस आहे. नंदितानं एकाही निरोपाला उत्तर दिलं नाही. रात्रीपासून एक बाई फरशीवर पडून होती. तिच्याजवळ घर होतं, भाचा होता, भाचेसून होती, सिंगापूरला लेक होता, आणि दहा पावलांवर नंदिता होती. सगळ्यांना ती बरी आहे हे ठाऊक होतं. बघितलं कुणीच नव्हतं.

तिचा राग गणेशकुमारवर संपत नाही, आणि तिथे थांबतही नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे, हे वाचणाऱ्यांकडे, एक मागणं आहे. तुमच्या ओळखीत, तुमच्या जिन्यावर, असं एक म्हातारं माणूस असेल. त्याच्या खिडकीतून टीव्ही ऐकू येतो, त्याच्या फोनवर हिरवा ठिपका दिसतो, सकाळी त्यानं पाठवलेलं फुलाचं चित्र येतं, म्हणून तुम्ही स्वस्थ आहात. आज त्यावर विसंबू नका. उठा, त्यांच्या दाराशी जा, आणि दार उघडून ते माणूस समोर येईपर्यंत तिथून हलू नका.